पाठीची शिवण

त्या पोहण्याच्या पोशाखाची पाठ मी साध्या सुती दोऱ्याने शिवली होती, आणि ते चुकीचं आहे हे मला शिवतानाच माहीत होतं. ही गोष्ट मी आजवर तिघांना सांगितली. त्यातल्या दोघींना सांगायला मला आठ महिने लागले.

आम्ही शारजात, अल मजाजच्या एका टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावर राहतो. नवरा फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर नोकरीला. आठवडाभर तिकडेच, शनिवार-रविवार घरी. मुलगी बारा वर्षांची. मी घरीच शिवणकाम करते. माझे वडील इचलकरंजीत टेलर होते, त्यामुळे मशीनच्या आवाजातच मी मोठी झाले. इकडे आल्यावर खालच्या बकाल्यात, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, मी एक कागद चिकटवला होता : ब्लाउज, फॉल-पिको, आल्टरेशन. तो कागद वाचून ती आली.

दार उघडलं तर समोर एक उंच रशियन बाई. चाळिशीला टेकलेली, केस घट्ट मागे बांधलेले, खांदे एवढे रुंद की मला आधी वाटलं ही कराटे वगैरे शिकवत असेल. हातात लहान मुलींचे सात स्विमसूट आणि एका पिशवीत चमचमणारे खडे.

"तू मास्टर?" तिने विचारलं. इथे टेलरला सगळे मास्टरच म्हणतात, तेवढा शब्द तिने उचलला होता. त्या दिवसापासून मी तिच्यासाठी मास्टर झाले.

ती नवव्या मजल्यावर राहायची, एकटी. एका क्लबमध्ये मुलींना कलात्मक जलतरण शिकवायची. संगीताच्या तालावर पाण्यात नाचायचा तो खेळ मी टीव्हीवर एखाद-दोनदा पाहिला असेल. मुली हसत वर येतात, हसत खाली जातात, एवढंच मला ठाऊक. खडे लावताना मी सहज विचारलं, "तुम्ही पण पोहायचात का?" तर म्हणाली, "थोडं." ते थोडं म्हणजे काय, हे मला दोन महिन्यांनी माझ्या मुलीने इंटरनेटवर शोधून सांगितलं. "मम्मा, शी इज अ वर्ल्ड चॅम्पियन! टू टाइम्स!"

दुसऱ्या दिवशी मी तिला तसं म्हटलं, तर तिने खांदे उडवले. "आठ जणी होतो. आठ जणी चॅम्पियन. लोकांना आठ सारखी डोकी दिसतात."

पण हळूहळू ती सांगू लागली. माप घेताना, कच्चे टाके घालताना माणसं बोलतात. उभं राहण्याखेरीज काही काम नसतं ना त्यांना. दम्यासाठी डॉक्टरने पोहायला सांगितलं म्हणून सहाव्या वर्षी आईने तिला तलावावर नेलं. अकराव्या वर्षी घर सोडून दुसऱ्या शहरात, प्रशिक्षण केंद्रात. दिवसाला आठ-नऊ तास पाण्यात. दोन खुर्च्यांवर दोन पाय ठेवून मध्ये लोंबकळत बसायचं, मांड्या फाकाव्यात म्हणून, आणि त्याच वेळी शाळेचा धडा पाठ करायचा. रोज सकाळी वजन. हनुवटीखाली तिच्या एक पांढरी खूण होती, कुणाची तरी टाच लागून झालेली. "पाण्याखाली डोळे उघडे, पण दिसत काही नाही. फक्त मोजायचं. एक ते आठ, एक ते आठ. मी अजून जिना चढताना मोजते."

स्पर्धेआधी केस जागचे हलू नयेत म्हणून त्यावर जिलेटिन वितळवून लावतात. एकदा तिच्याकडचा गॅस संपला म्हणून ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन माझ्याच पातेल्यात ते करत बसली. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातडीपासून बनतं हे मला नंतर कळलं. मी ते पातेलं तिच्यासाठी वेगळं ठेवून दिलं. तिला ते कळलं तेव्हा ती एवढी हसली की खुर्चीवरून घसरली. मला तिचा लळा लागला तो साधारण तेव्हा.

मग एप्रिलमध्ये तिला एक बातमी कळली. अबू धाबीत, अल रीम आयलंडवरच्या एका क्लबला मुख्य प्रशिक्षक हवी होती. स्वतःचा संघ उभा करायचा, मोठ्या मुलींना स्पर्धांना न्यायचं. मुलाखत झालीच, पण शिवाय क्लबच्या लोकांनी सांगितलं की पालकांसमोर दोन-तीन मिनिटांचं प्रात्यक्षिक करून दाखवा. बारा वर्षांनी ती लोकांसमोर पोहणार होती.

त्याच सुमारास तिला रशियाहून कापड आलं. कुणी ओळखीचं येत होतं, त्याच्याबरोबर तिच्या जुन्या जोडीदारणीने पाठवलं होतं. मोरपिशी रंगाची लायक्रा, आणि वर एक चिठ्ठी. तिने ते कापड माझ्या टेबलावर पसरलं आणि बराच वेळ त्यावर नुसता हात ठेवून उभी राहिली.

"आमच्या शेवटच्या पोशाखाचा रंग," ती म्हणाली. "कुठून शोधला तिने, माहीत नाही."

त्या दोघी सहा वर्षं जोडीने पोहल्या होत्या. केंद्रात दोघींची एकच खोली. सुट्टीत ही जोडीदारणीच्या घरी जायची, कारण तिचं गाव जवळ होतं. तिची आई दोघींनाही भरवायची आणि केंद्रात ओरडा बसू नये म्हणून परतताना खाऊ लपवून द्यायची. मग जागतिक स्पर्धेच्या तीन आठवडे आधी जोडीदारणीचा खांदा दुखायला लागला. मुख्य प्रशिक्षिकेने हिला एकटीला बोलावून विचारलं, "ती निभावेल का?"

"मी म्हटलं, नाही." तिने कापडाची घडी घातली. "खांदा दुखत होता, हे खरं. पण ती पोहू शकली असती. मला माहीत होतं. मला भीती वाटली, पदक जाईल. त्यांनी तिला काढलं, दुसरी मुलगी आणली. आम्हाला पदक मिळालं."

"तिला कळलं?"

"ती कधी काही बोलली नाही. माझ्या लग्नात आली. वाढदिवसाला फोन करते. आता कापड पाठवलं." तिने माझ्याकडे पाहिलं. "छान शिव हं, मास्टर."

मी छान शिवायलाच घेतलं होतं. लायक्राला ताणला जाणारा दोरा लागतो, नायलॉनचा, आणि झिगझॅग टाका. अंगाबरोबर कापड ताणलं की शिवणही ताणली पाहिजे, नाहीतर दोरा तुटतो. हे मला त्या लहान मुलींच्या सुटांवर काम करताना नीट समजलं होतं. पुढचा भाग झाला, बाजू झाल्या, गळ्याभोवती कातडीच्या रंगाची जाळी लागली. राहिली होती पाठ, मानेपासून कमरेपर्यंतची मधली शिवण. बुधवारी दुपारी नायलॉनचं रीळ संपलं.

दुकान रोला भागात होतं. टॅक्सीने वीस मिनिटं. पण जून महिना होता, बाहेर भट्टी. एका लग्नाचे दोन घागरे त्याच संध्याकाळी द्यायचे होते आणि ती बाई सकाळपासून चार वेळा फोन करून झाली होती. मुलगी टेबलाशी अभ्यास करत होती. मी तिला म्हटलं, "तो निळा दोरा दे गं."

तिने डबा उघडला. "द कॉटन वन?"

"दे."

रंग जवळजवळ तंतोतंत जुळत होता. मी झिगझॅग घातला, दोनदा फिरवला, वाटलं दुहेरी शिवण आहे, तीन मिनिटं सहज निघतील. दहा मिनिटांत पाठ झाली. घागरे वेळेवर गेले.

शुक्रवारी तिने तो पोशाख घालून सराव केला. शिवण टिकली. तिने मला तलावावरूनच आवाजी संदेश पाठवला, "मास्टर, दुसरी कातडी आहे ही!" मी तो दोनदा ऐकला. सुटले, असं वाटलं.

शनिवारी सकाळी मी तिच्याबरोबर अबू धाबीला गेले. तिनेच आग्रह केला. माझ्या पर्समध्ये सुई-दोरा होता, ऐनवेळी एखादा खडा निघाला तर. तलावाभोवती खुर्च्या मांडल्या होत्या. चाळीसेक पालक, त्यांच्या मुली, क्लबचे अधिकारी, पहिल्या रांगेत काही स्थानिक बायका काळ्या अबायात. ती बाहेर आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. चालणं वेगळं, मान वेगळी. माझ्या दारात चप्पल ओढत येणारी बाई ती नव्हतीच.

पहिलं मिनिट मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही. डोकं पाण्याखाली, दोन्ही पाय सरळ वर, आणि ते पाय हळूहळू फिरत फिरत खाली जात होते, पाण्याचा थेंब न उडवता. माझ्या शेजारची एक लहान मुलगी उभीच राहिली. मग ती वर आली, मागे वाकली, धनुष्यासारखी, आणि मला दिसलं. मानेजवळ एक पांढरी रेघ उघडली आणि सरळ कमरेपर्यंत गेली.

तिला ते लगेच कळलं. ती गळ्यापर्यंत पाण्यात गेली आणि तिथेच राहिली. संगीत अजून चालू होतं, एक मिनिटाहून जास्त. त्या सगळ्या वेळात ती फक्त हातांनी नाचली. चेहऱ्यावर तेच हसू. मागच्या रांगेतल्यांना वाटलं असेल, असंच बसवलंय. पुढच्या बायकांना मात्र दिसलं होतं. एकीने आपल्या नवऱ्याला तोंड फिरवायला सांगितलं, दुसरी टॉवेल घेऊन काठाशी गेली. टाळ्या पडल्या, पण त्या कशा पडल्या ते मी सांगू शकत नाही.

कपडे बदलायच्या खोलीत ती बाकावर बसली होती, टॉवेल गुंडाळून. पोशाख मांडीवर.

"काय झालं, मास्टर?"

माझ्या तोंडात खरं उत्तर होतं. म्हणजे ते खरोखर जिभेवर आलं होतं. पण बाहेर पडलं ते दुसरंच.

"कापड जुनं असावं."

तिने कापडावरून हात फिरवला.

"लायक्रा ठेवून ठेवून मरते," मी पुढे बोलत गेले. थांबताच येईना. "त्यातलं रबर जातं. वरून कळत नाही. टाका धरत नाही मग."

"जुनं," ती म्हणाली. मग एकदम सावकाश, "बारा वर्षं जुनं."

तेव्हा मला कळलं की मी काय केलं. पण तेव्हाही दोन पावलं मागे यायला वेळ होता, आणि मी आले नाही. उलट म्हटलं, "द्या माझ्याकडे, मी दुरुस्त करून ठेवते." घरी आल्यावर दार लावून मी त्या पाठीतला सुती दोऱ्याचा प्रत्येक तुकडा चिमट्याने काढला. सोमवारी रोलाला जाऊन नायलॉनचं रीळ आणलं आणि पाठ नव्याने शिवली. माझे वडील गिऱ्हाइकासमोर कधीही कापडाला दोष द्यायचे नाहीत. कापड खरंच वाईट असलं तरी म्हणायचे, माझ्या हातून नीट झालं नाही. हे मला त्या दुपारी आठवलं, आणि तरी मी शिवण पूर्ण केली, इस्त्री केली, पिशवीत घातली. तिने तो पोशाख पुन्हा कधी घातला नाही.

अबू धाबीची नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. ती उसवण्यामुळेच गेली का, मला माहीत नाही. क्लबच्या लोकांनी अतिशय सभ्य मेल पाठवली होती, त्यात काहीच कारण नव्हतं.

त्याच आठवड्यात ती माझ्याकडे आली आणि माझ्या बाल्कनीत उभी राहून तिने रशियात फोन लावला. मला भाषा कळत नव्हती, आवाज कळत होता. आधी शांत, मग मोठा, मग एकदम खाली. आत येऊन तिने पाणी मागितलं.

"मी तिला विचारलं, हे आपलं उरलेलं कापड आहे ना? ती म्हणाली, नाही, नवं घेतलं. मी म्हटलं, खोटं बोलू नकोस. बारा वर्षं थांबलीस, चांगला दिवस निवडलास." ती घटाघट पाणी प्यायली. "मला राग नाही, मास्टर. मी तिच्या जागी असते तर मीही केलं असतं. पण आता खलास."

मी ग्लास घेतला आणि आत जाऊन धुतला. तो धुण्यात बराच वेळ काढला.

पुढच्या शनिवारी नवरा आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो दमलेला होता. म्हणाला, "अगं, नोकरी तर गेलीच आता. कशाला उकरून काढतेस? ती तुझ्याकडे यायची पण बंद होईल. विसरेल ती, इन्शाल्ला." मला हेच ऐकायचं होतं, म्हणून मी ते ऐकलं.

ती विसरली नाही, पण यायची मात्र थांबली नाही. उलट जास्त येऊ लागली. एकदा स्वतः केलेला मधाचा केक घेऊन आली. म्हणाली, "इथे माझ्याशी सरळ बोलणारं माणूस तू एकच." मी तो केक खाल्ला. माझ्या मुलीने हातही लावला नाही, पोट भरलंय म्हणाली.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी ती मुलींचे सूट घेऊन आली आणि बसून राहिली. जोडीदारणीची आई गेली होती, महिन्यापूर्वीच. तिला ते तिसऱ्याच कुणाकडून कळलं.

"फोन केलात?" मी विचारलं.

"नाही." ती खडे बोटाने इकडेतिकडे करत होती. "त्या बाईने मला सहा वर्षं जेवू घातलं. पण फोन मुलीला करावा लागेल ना. तिला करणार नाही."

माझी मुलगी समोर बसली होती. तिने वहीतून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. ती बाई गेल्यावर दार बंद झालं, तेव्हा म्हणाली, "मम्मा, इट वॉज द थ्रेड, नो?"

"कुठला थ्रेड?" मी विचारलं. म्हणजे तिच्याशीही मी तेच करायला निघाले होते.

"आय गेव्ह इट टू यू," ती म्हणाली. "आय थॉट इट वॉज माय फॉल्ट ऑल्सो. जस्ट टेल हर, प्लीज."

आठ महिने ती पोर हे मनात घेऊन माझ्यासमोर रोज जेवत होती. मी तिला जवळ घेतलं, तिचा काही दोष नाही म्हटलं, आणि तशीच, अंगावरच्या गाऊनवर ओढणी टाकून, नवव्या मजल्यावर गेले.

ती जमिनीवर चटई टाकून व्यायाम करत होती. मी बसलेच नाही. दाराशी उभं राहून सांगितलं. रीळ संपलं होतं, मी आळस केला, सुती दोरा वापरला, दोरा तुटला.

"दोरा," ती म्हणाली.

"हो."

"कापड नाही?"

"कापड चांगलं होतं. नवं होतं. मी पाहिलं की मला कळतं."

"तुला त्या दिवशी माहीत होतं? तिथे, त्या खोलीत?"

"हो. शिवतानाच माहीत होतं."

मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मनात आलं, आणि तेही स्वतःच्याच सोयीचं होतं. तिने पाय जवळ घेतले, गुडघ्यांवर हात ठेवले. भिंतीकडे बघत म्हणाली, "घरी जा तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. ती फोन हातात घेऊन उभी होती. "तिला सांग. तुझ्या आवाजात. इंग्लिशमध्ये सांग, तिला कळतं थोडं." तिने रेकॉर्डिंग चालू करून फोन माझ्या तोंडाशी धरला. मी सांगितलं. दोनदा अडखळले, दोन्ही वेळा तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. शेवटी मी तिच्या आईबद्दल वाईट वाटल्याचं म्हटलं, तर तिने मान हलवली आणि फोन बंद केला. "ते तू नको बोलूस. ते माझं आहे."

उत्तर यायला तीन दिवस लागले. ते सांगायला ती आत आली नाही, दारातच उभी राहिली.

"ती म्हणते, दोरा होता की काय होतं, मला माहीत नव्हतं. पण तू विश्वास ठेवलास, ते मला माहीत होतं. एका मिनिटात ठेवलास."

मी म्हटलं, "माझ्यामुळे."

"तू बी टाकलंस," ती म्हणाली. "जमीन माझी होती." मग लगेच, जणू मी त्यात समाधान मानू नये म्हणून, "पण टाकलंस."

त्यानंतर मुलींचे सूट माझ्याकडे येणं बंद झालं. ते ऑनलाइन मागवायला लागली, असं कळलं. मी पोहण्याचे कपडे शिवणं सोडलं. कुणी आलं तर सरळ सांगते, मला जमत नाही. काही जणी आग्रह करतात, तुमचं काम चांगलं आहे म्हणतात. तेव्हा मी कात्री-टेप उचलून ठेवायला लागते.

माझी मुलगी मात्र अजून तिच्याकडे जाते. पोहायला नाही, नुसती गप्पा मारायला. मी त्याबद्दल कधी विचारत नाही.

या उन्हाळ्यात ती महिनाभर दिसली नाही. ऑगस्टच्या शेवटी एकदा मी बकाल्यातून दूध घेऊन आले तर ती लिफ्टमध्ये होती, शेजारी बॅग. मी आत शिरले. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या दरम्यान तीच म्हणाली, "मी तिच्याकडे गेले होते. आईच्या कबरीवर फुलं ठेवली."

"आणि ती?"

"चहा दिला. दोन दिवस राहिले. माझी जुनी खोली दिली, तीच." ती लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होती. "खूप कमी बोलली. चहा मात्र सारखा देत होती."

तिच्या चेहऱ्यावरून हे चांगलं झालं की वाईट, मला कळेना. विचारायची हिंमतही झाली नाही. नवव्या मजल्यावर लिफ्ट थांबली, तिने बॅग ओढत बाहेर नेली, दार बंद झालं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी चौथ्याचं बटण दाबलंच नव्हतं, चौथा मजला मागेच गेला होता. मी दुधाची पिशवी हातात घेऊन खाली यायचं बटण दाबलं.